पळसाचा माणूस

माणिकबाईला दुसरी हाक कधी मारावी लागली नाही. पहिल्याच हाकेला ती ‘ओ’ द्यायची, मग हात पिठात असोत की घास तोंडात. हाक ओळखीची आहे की नाही, हेही बघायची नाही. वऱ्हाडात असं करत नाहीत. आडरानातल्या हाकेला तिसऱ्यांदा आल्याशिवाय ओ द्यायची नाही, कारण भुताला दोनच हाका मारता येतात, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. शेजारणी टोकायच्या, “एखाद्या दिवशी नेईन तुले कोनी उचलून.” ती म्हणायची, “नेऊ दे वं. ओझं त्याच्याच डोक्यावर.”

बाया हसायच्या. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तिचं सासर मूळचं नांदगाव खंडेश्वरकडचं. अमेरिकेत लढाई जुंपली, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला आणि माणसं वेडी झाली, दुसरा शब्द नाही. ज्वारी मोडून कापूस, कुरण मोडून कापूस. खाली काळी जमीन मिळेना, तेव्हा तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ जानराव यानं बिऱ्हाड उचललं आणि गाविलगडाजवळ डोंगराच्या एका सोंडेवर, मुरमात, नांगर घातला. सपाटीवरची माणसं ती. डोंगर म्हणजे दुरून निळा दिसतो, एवढीच त्यांची त्याच्याशी ओळख.

कापूस आला, पण तो बाजारात न्यायला गाड्या मिळेनात. जो तो नवी गाडी करत होता. चाकांच्या आखासाठी तिवसाचं चिवट लाकूड आणायला धाकटा चंद्रभान, म्हणजे माणिकबाईचा नवरा, दरीपलीकडच्या रानात गेला तो परत आला नाही. शोधणाऱ्यांना त्याची घोंगडी सापडली, फाटलेली, रक्तानं कडक झालेली. “वाघच,” जानराव म्हणाला. प्रेत मिळालं नाही.

प्रेत नसलं की पळसाचा माणूस करतात. पळसाच्या देठांची हाडं, पिठाचं अंग, डोक्याच्या जागी नारळ. तो रीतसर जाळला की मेलेला मोकळा होतो. खरं तर यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहायची असते. पण मेलेला मोकळा झाल्याशिवाय नवी गाडी जुंपू नये म्हणतात, आणि भाव काही जानरावासाठी थांबणार नव्हता. त्यानं एलिचपुराहून मोरोपंत भटजींना आणवलं आणि घाईघाईनं माणूस उरकला. उरकला असंच म्हणायला हवं. चितेत नारळ फुटेना. कवटी फुटल्याचा आवाज ऐकल्यावाचून स्मशानातून कुणी पाठ फिरवत नाही. जानरावानं वाट पाहिली, बैलांकडे पाहिलं, काठीनं नारळ निखाऱ्यात दाबला आणि म्हणाला, “फुटला समजा.”

घर वरच्या अंगाला होतं. कुडाच्या फटीशी कान लावून माणिकबाई बसली होती. आवाज आला नाही. तेवढ्यात सासू पार्बताबाईनं तिच्या बांगड्या फोडल्या, आणि तोच काय तो फुटल्याचा आवाज त्या दिवशी झाला.

पुढच्या पौषात आभाळ बिघडलं. सोमवारी वारा पडला. मंगळवारी ढग डोंगर उतरून अंगणात येऊन बसले. धुई, म्हणजे धुकं, सपाटीवरही पडते, पण ती सकाळची, उन्हं आली की जाणारी. ही जाईना. मधूनच झिमझिम, मधूनच क्षणभर ऊन, की पुन्हा हात पुढे केला तर बोटं दिसू नयेत. बोंडं भिजून काळी पडायला लागली. जानराव दारात उभा राहून आभाळाला शिव्या देत होता.

बुधवारी भरदुपारी दरीच्या अंगानं हाक आली.

“माणकेऽऽ!”

चुलीपुढची माणिकबाई उठली. सासूनं तिचं मनगट धरलं. “बस खाली. तिसरी येऊ दे.”

“आत्याबाई, आवाज त्याइचा हाय.”

“म्हनून तं म्हनतो, बस.”

दुसरी हाक आली, जराशी बसक्या गळ्याची. मग दोघी तिसरीची वाट पाहत बसल्या. चुलीवरचं वरण उतू गेलं. तिसरी आली नाही.

“अर्धा जळेल हाय माहा लेक,” पार्बताबाई पदर तोंडात कोंबून म्हणाली. “डोक्स फुटलं नाई, आता डोक्स घेऊन हिंडून राहिला.”

गुरुवारी गारा पडल्या, लिंबाएवढ्या. छपराचं गवत चाळणी झालं. गारांचा मारा थांबला तसा पुन्हा आवाज आला. पुन्हा दोनदाच. पण दुसऱ्या हाकेमागून या खेपेला आणखी काही तरी आलं, आणि ते माणिकबाईनंच ऐकलं. रात्रभर ती कूस बदलत राहिली.

शुक्रवारी थंडी अशी पडली की रांजणाच्या तोंडावर बर्फाचा पापुद्रा धरला. हाक एकच आली, आणि ती हाक कसली, कण्हणंच. माणिकबाईनं पदर नाकापर्यंत ओढला. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, भावजय बोलत नाही. बोलायचंच तर सासूच्या तोंडून.

“आत्याबाई, त्याइले इचारा, भूत खोकलते काय?”

जानरावानं ऐकलं, पण उत्तर आईलाच दिलं. “माय, तिले सांग, ज्याले म्या आगीन देल्ली थो खोकलत नाई.”

“आत्याबाई, त्याइले सांगा, कालपासून थो खोकलून राहिला.”

“माय, तिले म्हन चूप बस.”

मग माणिकबाईनं सासू मधून काढून टाकली. डोक्यावरचा पदर तसाच, पण तोंड सरळ जानरावाकडे. “नारळ फुटला नव्हता! तुमी समजा म्हनलं, म्या समजली नाई.”

भासऱ्याला भावजयीनं तोंडावर बोलणं म्हणजे घराचं आढंच कोसळणं. जानराव सावरायच्या आत ती अंगणात पोचून “ओऽऽ!” म्हणाली होती.

तो कड्याच्या तोंडाशी सापडला, एका दगडाच्या आडोशाला. दाढी छातीवर, एक पाय वाकडा, ओठ निळे. डोळे उघडून म्हणाला, “कवाचा बलावून राहिलो. बहिरी झाली काय वं?”

ती रडली नाही. आधी त्याच्या डोक्याला हात लावून पाहिला.

वाघ नव्हता, अस्वल होतं. फाडलेला चंद्रभान दरीत पडला. पलीकडच्या रानातल्या कोरकू आदिवासींनी उचलून नेला, पाला बांधून जगवला. शुद्धीवर आला तेव्हा पावसाळा लागून नाले भरले होते. पायानं जोर धरल्यावर काठी टेकत निघाला आणि घर दिसायच्या टप्प्यावर धुईनं घेरला. पुढे पाऊल टाकावं तर कडा. म्हणून बसल्या जागेवरून हाका. दोन हाकांत दम संपायचा.

घरात मात्र घेता येईना. जाळलेला माणूस उंबऱ्याच्या आत कसा घ्यायचा? त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं. मोरोपंत येईपर्यंत तो गोठ्यात, बैलांच्या उबेला पडून राहिला. माणिकबाई दाराशी बसली. आई लांबून भाकर सरकवायची आणि त्याच्या पायांकडे बघायची, उलटे तर नाहीत ना.

शनिवारी उघडलं आणि मोरोपंत वर चढले. पार्बताबाईनं त्या दाढीवाल्या बाप्याला मांडीवर घेतलं. न्हाऊमाखू घातलं, बारसं केलं, नाव पुन्हा चंद्रभानच ठेवलं. राहता राहिलं लग्न. मोरोपंत कचरले. “पौषात लग्न?”

“मंग काय माघापर्यंत गोठ्यातच ठिवू याले?” जानराव खेकसला.

लागलं. माणिकबाईच्या हातात पुन्हा बांगड्या आल्या. चंद्रभान म्हणाला, “सकाळी जलमलो, दुपारी नवरदेव झालो. आता जेवाले तरी वाढा.” त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं.

इथे थांबता आलं असतं. रविवारी धुई पुन्हा आली.

दुपारची जेवणं चालली होती. चंद्रभान पाय पसरून चुलीशी बसला होता, घास हातात. दरीच्या अंगानं हाक आली.

“माणकेऽऽ!”

सगळ्यांनी ऐकली. पार्बताबाई लेकाकडे बघायला लागली, मग दाराकडे, मग पुन्हा लेकाकडे. चंद्रभानानं घास ताटात ठेवला आणि हळूच म्हणाला, “आवाज तं माहाच हाय.”

“थांब,” सासू पुटपुटली. “तिसरी येऊ दे.”

“मांगच्या खेपेस थांबली तं जिता मानूस मरत व्हता,” माणिकबाई म्हणाली. उठली. दारातूनच “ओऽऽ!” म्हणाली, एक भाकर घेतली, धुईत शिरली, कड्याजवळच्या त्या दगडावर ठेवून परत आली. चंद्रभानानं विचारलं, “त्याले सांगतलं काय, मी घरी हाय म्हनून?”

“त्याले ठाव हाय,” ती म्हणाली. “त्याचा नारळ फुटलाच नाई.”

लढाई संपली, भाव कोसळला, जानराव आईला घेऊन खाली नांदगावला परतला. त्यानं उभ्या आयुष्यात पुन्हा कुणाला अग्नी दिला नाही. ही दोघं डोंगरावरच राहिली. दर पौषात धुई यायची, हाक यायची, भाकर जायची. चंद्रभानाला त्याची सवय झाली नाही. धुईच्या दिवसांत तो बायकोला सारखा हात लावायला सांगे. “पाय, गरम हाय नं मी?” ती हात लावून “हाय” म्हणायची. कधीकधी नसायचा.

म्हातारपणी तो ज्वरानं गेला. बायका स्मशानात जात नाहीत, ही गेली. लाकडं लावणाऱ्यांना तिनं हलू दिलं नाही. कवटी फुटली, आवाज सगळ्या दरीत फिरला. तो पुरता ऐकूनच ती वळली.

त्या पौषात धुई आली, पण हाक आली नाही. माणिकबाई दिवसभर दारात बसून होती. शेवटी भाकर घेऊन ती कड्याशी गेली. आयुष्यात नवऱ्याचं नाव तिनं उच्चारलं नव्हतं. दगडाशी उभी राहून तिनं हाक मारली, “चंद्रभान!”

काही नाही.

पुन्हा मारली.

तिसरी मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात खाली धुईत कुणी तरी खोकललं.

तिनं भाकर दगडावर ठेवली आणि घरी आली. दार लावून घेतलं नाही.