सव्वादहाचा बोका

त्याला सगळे जाळीवाला म्हणतात. आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं काहीतरी, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर येतं. काम एकच, लोकांच्या बाल्कन्यांना आणि खिडक्यांना नायलॉनची जाळी बसवायची. कबुतरं आत येऊ नयेत म्हणून, पोरं खाली पडू नयेत म्हणून, आणि मांजरं बाहेर जाऊ नयेत म्हणून. पन्नाशी उलटली तरी शिडीवर असा चढतो, की खाली उभ्या असलेल्या बाईचाच जीव वर येतो. भिंतीत भोकं पाडायची, हुक बसवायचे, दोर ओवायचा आणि वीतभर अंतरावर एकेक गाठ मारायची. झालं की प्रत्येक कोपऱ्यात मूठ घालून बघायची. "मूठ गेली की डोकं जातं, आणि डोकं गेलं की मांजर गेलं," असं तो दर गिऱ्हाइकाला सांगतो. सांगताना चेहरा असा, की जणू समोरच्या बाईचंच डोकं जाणार आहे. शेवटी खालच्या कोपऱ्यात फोन नंबराची पत्र्याची पाटी तारेने बांधतो. आकडे स्वतः रंगवतो, आणि आठाचं पोट दर वेळी थोडं सुटतंच.

भित्रा म्हणता येणार नाही त्याला, पण काळजीचं यंत्र आहे. सकाळी कामाला निघताना जिना उतरणार, परत चढणार आणि विचारणार, "ताई, गॅस बंद आहे ना?"

"नाही रे, चालू ठेवून वर बसलेय," ताई म्हणणार.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. लग्न तिचंही झालं नाही, त्याचंही नाही, आणि विषय निघाला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. ती घरीच मशीनवर बसून कपड्यांची दुरुस्ती करते. चेन बदलायची, पँट आखूड करायची, ढेरी वाढलेल्यांच्या शर्टांना दोन्हीकडून वाव द्यायचा. तोंडात चार टाचण्या धरूनसुद्धा तिला टोमणा मारता येतो. सगळ्यांना नाही जमत.

या दोघांकडे आधी एक पांढरी मांजर होती. ती गल्लीत ऊन खात बसली होती आणि टेम्पोवाला गाडी मागे घेत होता. जाळीवाल्याने तिला जुन्या टॉवेलात गुंडाळून नेलं, हात धुतले आणि त्या दिवशीचं काम केलं. पण तेव्हापासून गाडी मागे घेताना वाजतो तो पीं-पीं आवाज ऐकला, की याचा हातातला हातोडा थांबतो.

नंतर हा पिवळा बोका आला. कान फाटका, चाल अशी की भाडं मागायला आलाय. ताईने त्याचं नाव ठेवलं कारभारी. "आयुष्यात एक तरी कारभारी हवा ना घरात," असं तिचं म्हणणं. जाळीवाल्याने तिच्याकडून वचन घेतलं, की याला बाहेर सोडायचं नाही. ताई हो म्हणाली. तिचं हो म्हणणं म्हणजे नुसती मान हलवणं, त्यापुढे ती जबाबदारी घेत नाही. हा नऊला कामावर गेला, की सव्वादहाला ती स्वयंपाकघराची खिडकी उघडायची. कारभारी मागच्या गॅरेजच्या पत्र्यावर उतरून निघून जायचे आणि पाचला परत यायचे. सहाला जाळीवाला घरी आला की बोका आपला कोचावर, जणू दिवसभर हललाच नाही.

हे असं वर्षभर सुखाने चाललं. मग एका शनिवारी याचं ड्रिल मशीन बिघडलं आणि हा साडेचारलाच घरी आला. चहाचं आधण ठेवतोय तोच खिडकीतून कारभारी आत. आणि मागचा एक पाय गुडघ्यापर्यंत जांभळा.

"ताई!"

"काय झालं?" ताई आली, पाय बघितला, खिडकी बघितली, भावाचं तोंड बघितलं आणि म्हणाली, "आधण उकळतंय."

"कोणीतरी रंग फेकलाय याच्यावर. आज रंग फेकलाय, उद्या आणखी काही फेकतील."

"लागलंय रे कुठेतरी. जखम आहे बघ खाली."

"म्हणजे मारलं पण! तू सोडतेस त्याला?"

"मी खिडकी उघडते. जातो तो."

दुसऱ्या दिवशी रविवारी त्याने सकाळी आठला शिडी लावली ती संध्याकाळी काढली. स्वयंपाकघर, न्हाणीघराचं भोक, बाल्कनी, काही सोडलं नाही. हुकांमधलं अंतर गिऱ्हाइकाकडे असतं त्याच्या निम्मं. ताई मशीनवरून बघत होती. "मी भाजी आणायला जाऊ शकते ना? की माझ्यासाठीही मूठ घालून बघतोस?" तिने विचारलं. हा पुढचा हुक ठोकत राहिला. शेवटी सवयीने स्वतःच्याच खिडकीला नंबराची पाटीही बांधली. स्वतःच्या घराला, बरं का! म्हणजे स्वतःलाच फोन करून बोलावणार होता की काय, देव जाणे.

मग सुरू झाले कारभाऱ्यांचे दिवस. रोज सव्वादहाला ते खिडकीत बसायचे आणि गळा काढायचे. पडद्याच्या झिरमिळ्या झाल्या. बाराव्या दिवसापर्यंत जाळीवाल्याच्या कामाच्या बुटात तीनदा कार्यक्रम झाला होता. ताईने नाकाला पदर लावून म्हटलं, "तक्रार अर्ज आहे तो. वाच."

"सवय होईल त्याला."

"त्याला होईल. बुटांचं काय?"

त्याच दिवशी दुपारी फोन आला. बाईमाणूस, आवाज म्हातारा पण हुकूम देणारा. खिडकीला जाळी हवी, मांजरासाठी, उद्या या. पत्ता होता दोन गल्ल्या फिरून मागच्या बाजूचा, पहिला मजला. बाई निघाल्या रिटायर झालेल्या नर्स. सदतीस वर्षं वॉर्डात काढलेली, एकट्या राहणाऱ्या. खोली अशी स्वच्छ, की जाळीवाल्याने चपला दारात काढल्या आणि मग वाटलं, पायही काढून ठेवावेत. बूट त्याने आणलेच नव्हते, कारण उघड आहे.

"मांजर कुठंय?" त्याने टेप काढत विचारलं.

"नाहीये. तेरा दिवस झाले."

नर्सबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. रोजच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलेलं, आला. वेळ, सव्वादहा. कधी दहा वीस. उकडलेला मासा किती खाल्ला, झोपला किती. पेशंटाचा कागद भरावा तसं. आणि मग तेरा चौकटी कोऱ्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "पायाला जखम घेऊन आला होता. मी धुतली, औषध लावलं. झोंबलं असणार. असा ओरडला माझ्यावर! रुसला तो. आता आला ना, की खिडकी बंद. परत जाऊ द्यायचा नाही. इतकी वर्षं हजारो लोकांना ड्रेसिंग केलं, कोणी रुसून गेलं नाही हो."

फळीवर जांभळ्या औषधाची बाटली होती. नर्सबाईंच्या अंगठ्याच्या नखात अजून थोडा जांभळा रंग होता.

जाळीवाल्याचा टेप सर्रकन आत गेला.

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, लांबचं धड दिसत नाही," बाई सांगतच होत्या. "पण खालचा गॅरेजवाला म्हणाला, समोर पत्र्यापलीकडे कोणीतरी नवीन जाळी बसवलीय. त्यालाच पाटीवरचा नंबर वाचायला लावला. तो म्हणाला, काम एकदम घट्ट आहे. मला तश्शीच हवी."

जाळीवाल्याने खिडकीतून बघितलं. पत्रा, पत्र्यापलीकडे भिंत, भिंतीत एक खिडकी. पोट सुटलेल्या आठाची पाटी. दोन गल्ल्या फिरून हा आपल्याच घराच्या पाठीमागे येऊन उभा होता. आणि स्वतःच्या जाळीमागे त्याला एक पिवळा ठिपका दिसत होता. नर्सबाईंना दिसत नव्हता.

सांगायचं होतं तिथल्या तिथे. तोंडही उघडलं त्याने. पण डोक्यात हिशेब झाला. सांगितलं तर बोका सोडावा लागणार. सोडला तर तो इथे येणार. इथे आला तर या बाई खिडकी लावणार, आणि त्या खिडकीला जाळी याच्याच हातची, म्हणजे मूठ जाणार नाही. बोका गेलाच. त्याने तोंड मिटलं, वरच्या बाजूचे सहा हुक बसवले आणि म्हणाला, "हुक संपले. उद्या येतो." पिशवीत दोनशे हुक खुळखुळत होते. आयुष्यात पहिल्यांदा काम अर्धं टाकून तो घरी गेला.

ताईला सांगितलं तर ती आधी मशीनवर डोकं ठेवून हसली. "म्हणजे कारभाऱ्यांनी बाहेर घर केलं होतं! आणि मी इथे त्यांचा दूधभात कालवतेय!" मग डोळे पुसले. टाचणीचा डबा बंद केला.

"तू काय बोललास तिला?"

"हुक संपले म्हटलं."

"शाब्बास. ती म्हातारी रोज सव्वादहाला मासा उकडून बसते, आणि तुझे हुक संपले."

"तिने ठेवून घेतला तर?"

"तर तिलाही कळेल, कोंडलेला बोका म्हणजे काय असतं ते. बूट वर ठेवा म्हणून सांग."

"चेष्टा नको ताई. वाटेत काही झालं तर?"

"वाट कुठली, ते तरी बघितलंस का कधी? पांढरी रस्त्यावर गेली रे. हा रस्त्याला पायसुद्धा लावत नाही." मग पुन्हा मशीन चालू केलं. "तुझा बोका, तुझी जाळी. मी खिडकी उघडायचं काम सोडलंय."

दुसऱ्या दिवशी दहाला तो नर्सबाईंकडे हजर. हुक घेतले, शिडीवर चढला, दोन बाजू बांधल्या. कोपऱ्यातल्या ताटलीत उकडलेला मासा होता, झाकून. सव्वादहा झाले तशी पत्र्यापलीकडून ओरड ऐकू आली. ओळखीची. नर्सबाई म्हणाल्या, "कोणाचं तरी मांजर रोज रडतं हो या वेळेला. काय लोक असतात."

जाळीवाल्याने खिशातून फोन काढला.

"ताई. स्वयंपाकघराची जाळी. खालचा कोपरा सोड."

"तुझ्या गाठी कोणाच्या बापाला सुटतात?"

"काप मग."

पलीकडे खुर्ची सरकली. मग कपड्याची मोठी कात्री चालली. चार कच्-कच् आवाज. फोनमधून ऐकू आले, पण त्याला वाटलं थेट ऐकू आले.

कारभारी बाहेर आले. पत्र्यावर उभे राहिले. जाळीवाला शिडीला धरून बघत होता. गॅरेजच्या दारात कोणीतरी गाडी मागे घेत होतं, पीं-पीं-पीं, पण ते खाली होतं, दहा फूट खाली, आणि बोका वर. मधेच बसून त्याने पाय चाटला. एवढ्या घाईत कोणी पाय चाटतं? पत्रा संपतो तिथे हातभर फट होती. ती त्याने अशी ओलांडली, की दाराचा उंबरठा असावा. मग भिंत, पाइप, खिडकी. जाळीच्या न बांधलेल्या बाजूने आत, आणि तडक ताटलीशी. पांढऱ्या मांजरीला घेऊन गेल्यापासून जाळीवाल्याने धरलेला श्वास बहुतेक तेव्हा सुटला असावा. पण त्याला विचाराल तर शिडी हलत होती म्हणेल.

नर्सबाई खुर्चीतून उठल्याच नाहीत. नुसता हात लांब करून त्याच्या पाठीवर ठेवला. "भरत आलीय जखम," त्या म्हणाल्या. मग आवाज एकदम वॉर्डातला झाला. "काय बघताय? बांधा राहिलेली बाजू. लवकर!"

त्याच्या हातात दोर होता. शेवटच्या चार गाठी.

"बाई, हा रुसला नव्हता," तो म्हणाला. "कोंडला होता."

"कोणी?"

"मी. ती समोरची खिडकी माझी. ते औषध मला रंग वाटला. माझा आहे हा."

"तुमचा कशावरून?"

"माझे बूट बघायला या."

नर्सबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्याने दिसण्यात काही फरक पडत नव्हता, पण विचार करायला वेळ मिळाला. "तेरा दिवस कोंडलंत?" त्या म्हणाल्या. "पोट फाडलेल्या पेशंटलासुद्धा आम्ही तिसऱ्या दिवशी उठवून चालवतो. लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हणून काल हुक संपले."

तेवढ्यात पत्र्यापलीकडून ताईचा आवाज आला, अख्ख्या गॅरेजला ऐकू जाईल असा. "अहो बाई! कारभारी पोचले का? पाचला परत पाठवा हो, आणि पोटभर देऊ नका, इथे जेवत नाहीत!"

नर्सबाईंनी त्या आवाजाच्या दिशेने बघितलं. मग बोक्याकडे. "पाच कसले, साडेपाच," त्या म्हणाल्या. "साडेचारला झोपतो तो. उठवायचं नाही."

शेवटच्या चार गाठी मारल्याच नाहीत. पण जाळीवाला तो, इतक्यावर कसला राहतोय. पुढच्या रविवारी त्याने पत्र्यावर जाळीचा बोगदा बांधला, याच्या खिडकीपासून बाईंच्या खिडकीपर्यंत, वरून-खालून बंद, मूठ जाणार नाही असा. गॅरेजवाला खालून म्हणाला, "काय साहेब, मेट्रो आणताय का?" ताईने तिकीट किती ते विचारलं. पहिल्या दिवशी सव्वादहाला तिघंही खिडक्यांत येऊन उभी राहिली. कारभाऱ्यांनी बोगदा हुंगला, त्याच्या तोंडावर जरा बसून विचार केला, मग उडी मारून बोगद्याच्या वर चढले आणि वरूनच चालत गेले.

अजूनही वरूनच जातात. बोगदा तसाच आहे, त्यात पानं साठतात. जाळीवाला आता नऊला निघत नाही. गिऱ्हाइकांना साडेदहाची वेळ देतो आणि सव्वादहाला चहाचा कप धरून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहतो. नर्सबाईंना मोतीबिंदूमुळे तो दिसत नाही, पण तो तिथे असतो हे त्यांना ठाऊक आहे. बोका पोचला की त्या कॅलेंडरवर लिहितात, आणि मग खिडकीतून हात वर करतात.

तो हात दिसला की हा कप खाली ठेवतो, बूट फळीवरून काढतो, आत हात घालून बघतो आणि जिना उतरतो. मग परत चढून येतो, गॅसचं विचारायला.