अनुस्वार दिसणारा फोन

आमच्या ऑफिसात कुणाला फोन घ्यायचा असला की आधी माझ्या टेबलाशी येतात. नांदेडच्या जिल्हा परिषदेत मी बारा वर्षं काढली, त्यात फायलींपेक्षा फोनच जास्त निकाली काढले असं आमचे हेडक्लार्क म्हणतात. मला राग येत नाही, कारण ते खरं आहे. मी एकच गोष्ट विचारते, तुम्हाला त्यावर करायचं काय आहे? निम्म्यांना उत्तर देता येत नाही. ज्याला बोलायचं, नातवाचे फोटो बघायचे आणि रोज सकाळी फुलाचं चित्र पाठवून लोकांना पिडायचं एवढंच आहे, त्यानं महागाच्या फोनच्या नादी लागूच नये.

मायला मात्र उत्तर देता आलं. लोह्याजवळच्या आमच्या गावातून तिनं बटणाच्या फोनवरून मला सांगितलं, "अक्षरं मोठाली दिसतील असा एक साधा फोन बघ. सस्तातला."

कारण मला माहीत होतं. आमच्या गावच्या बुद्धविहारात वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून, रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. चौथी शिकलेली माझी माय पंधरा वर्षांपासून तिथं वाचते. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेली बाई अंग धुऊन, पांढरं लुगडं नेसून ग्रंथापुढं बसली की शिकलेसवरलेले लोकही गप्प बसून ऐकत. पण गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर टिकेल, चष्म्यानं वाढणार नाही. शेवटच्या महिन्यात ती अडखळायला लागली आणि शेजारच्या घरची बी.ए. झालेली सून बाजूला बसून शब्द सांगायला लागली. पुढच्या वर्षी सूनबाईच वाचेल, असं दोघी-तिघी बोलल्याचं मायच्या कानावर आलं होतं. तिची जागा जाणार होती, आणि त्या जागेशिवाय तिच्याकडं स्वतःचं म्हणावं असं फारसं काही नव्हतं.

म्हणून मी माझ्या घरातली ग्रंथाची प्रत कापडात गुंडाळून थेट दुकानात नेली. काउंटरवरचा माणूस सेल्फी किती गोरी येते आणि गेम कसा पळतो हे सांगत होता. त्याला म्हटलं, गेम पळू द्या, मला पान बघायचंय. ग्रंथ उघडून ठेवला आणि एकेका फोननं त्याच पानाचा फोटो काढून दोन बोटांनी मोठा करून पाहिला. पहिल्यात अनुस्वार गायब. दुसऱ्यात रफार पुसट. तिसऱ्याच्या पाठीवर तीन भिंगं होती, पण जवळचं त्याला टिपताच येईना. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दुकानदार शेवटी म्हणाला, मॅडम, फोन घ्यायला आलात की चष्म्याचा नंबर काढायला? मी त्याला पाचवा फोन काढायला लावला.

तो दुकानातला जवळजवळ सगळ्यात स्वस्त होता. प्लास्टिकची पाठ, चाल जरा मंद, पण पडदा मोठा आणि चार्जिंग दोन दिवस टिकणारं. त्यात 'दुःख' शब्दातली विसर्गाची दोन्ही टिंबं स्वच्छ दिसली. तोच घेतला. दुकानदारानं सुटकेचा निःश्वास टाकला.

रविवारी गावी गेले आणि ओट्यावर उजेडात बसून अख्ख्या ग्रंथाचे पानोपान फोटो काढले. पडद्यावरची नको ती सगळी चित्रं काढून टाकली. माय बोट दाबून धरायची आणि फोन लगेच फोटो पुसू का म्हणून विचारायचा. खुरप्यानं घट्टे पडलेलं बोट, त्याला हलकं टेकवायची सवय कुठून असणार? तासाभरानं जमलं. अक्षर मोठं झालं, तिनं एक ओळ वाचली, मग अख्खं पान वाचलं. मी स्वतःवर जाम खूश झाले. आता विहारात हाच पुढ्यात ठेव, म्हटलं.

मायनं नकाराची मान हलवली. विहाराच्या दारात एक टोपलं असतं, आत जाताना सगळ्यांनी फोन बंद करून त्यात टाकायचे. तीन वर्षांपूर्वी ऐन वाचनात एकीच्या फोनवर लावणी वाजली, सगळे हसले, आणि दुसऱ्याच दिवशी टोपलं आलं. वाचणारीलाही सूट नाही. हा नियम मायनंच केलेला, आणि मी तो साफ विसरले होते.

माझं डोकंच फिरलं. नियम तुझाच आहे, मोड की, मी म्हटलं. डोळ्यांचं सांग, लोक समजून घेतील.

"माझा हाय म्हणूनच मोडता येईना," माय म्हणाली. "दुसऱ्याचा असता तर इचारलं असतं."

मग फोन मागवलास कशाला, असं तोडून बोलून मी रागातच एस.टी. पकडली.

वर्षावास सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी गेले. संध्याकाळी मायनं फोन टोपल्यात ठेवला, ग्रंथापुढं बसली आणि वाचायला लागली. कुठंही अडखळली नाही. मी बघतच राहिले. तेव्हा शेजारी बसलेल्या चुलतीनं हळूच सांगितलं की माय आता अर्धा दिवसच कामाला जाते आणि दुपारभर फोन घेऊन बसते. पंधरा वर्षांत निम्मा ग्रंथ ओठांवर आलेलाच होता. संध्याकाळची चार पानं ती दुपारी पक्की पाठ करायची. समोरचं पान तिला धुरकटच दिसत होतं, बोट नुसतं सवयीनं ओळींवरून फिरत होतं.

तिसऱ्या पानाला तिनं दोन पानं एकदम उलटली. तोंडानं बरोबर म्हणत होती, पुढ्यात पान भलतंच होतं. बाजूला बसलेल्या सूनबाईनं मान वर न करता हात पुढं केला, एक पान मागं घेतलं आणि हात परत मांडीवर ठेवला. कुणीही हललं नाही. सगळ्या विहाराला माहीत होतं.

घरी जाताना मी यातलं काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. मायच म्हणाली, "तिचा हात दिसला मला. तेवढं दिसतंय अजून."

थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "उद्यापास्नं पहिली दोन पानं तिला देते. तिनं मागितली न्हाईत, म्हणून."