आपोआप पडणारा गिअर

ऊसतोडीला निघताना आमच्याकडे माणसं मागे राहणाऱ्याकडे किल्ली ठेवतात, कोंबड्या ठेवतात. शेजाऱ्यानं त्या वर्षी माझ्याकडे किल्लीबरोबर मुलीची गिअरची सायकलही ठेवली. "दादा, तुमी हाय म्हणून निवांत जातो," तो म्हणाला.

महिन्याभरात मी ती वापरायला काढली. शिरूरहून येताना ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्याला धडकलो. सायकलच्या खालच्या नळीला केसाएवढी चीर गेली. वेल्डिंगवाल्याकडे नेली असती तर गावभर झालं असतं. मी चिरेत रंगाऱ्याची लांबी भरली, वर काळा रंग मारला.

तेव्हापासून पडवीत उभी असलेली ती सायकल ऊन उतरलं की 'टक्' असा आवाज करायची. एकदाच. वारा नसायचा. बायको म्हणाली, "पाल असंल." मी तिकडे बघायचं टाळू लागलो.

पाडव्याच्या आधी ते परतले. मुलगी सायकलवर शाळेला जाऊ लागली, आणि आठवड्यात बोलवा झाली की मसणवट्याजवळच्या चढावर गिअर आपोआप पडतो. कुणी मागून हात घालून बदलल्यासारखा. तिच्या आईनं हँडलला काळा दोरा आणि लिंबू-मिरची बांधली.

शेजारी सायकल घेऊन माझ्याकडेच आला. गावात गिअरचं थोडंफार मलाच कळतं. उलटी करून पायडल फिरवलं. सगळे गिअर बिनतक्रार बदलले. तार चांगली, गिअर लटकतो तो मागचा हूक सरळ.

"आता न्हाई करायची," तो हळूच म्हणाला. "माणूस बसलं की करती. बायको म्हणती, मागल्या जन्मी बैल असंल, चढ आला की अडतंय."

मी हसलो नाही. त्याला वर बसवलं, ब्रेक दाबून पायडलवर जोर द्यायला सांगितलं आणि खाली वाकलो. माझ्या रंगातून एक रेघ उघडली, मिटली. पुन्हा उघडली. श्वास चालू असल्यासारखी. ती उघडली की नळीवरून गेलेली गिअरची तार ताणायची, आणि मागे 'टक्'. पडवीतला तोच आवाज, तिथं नळी गार होऊन आखडली की व्हायचा.

"दिसलं का काही?"

"न्हाई. तार जरा घट्ट हाय." मी तार ढिली करून दिली.

सकाळी शाळेच्या वेळेआधी मी मसणवट्यापाशी जाऊन उभा राहिलो. मुलगी दिसली तसा वाटेत आडवा आलो.

"उतर, बाळा."

"काय झालं काका? तुमाला बी दिसलं व्हय काही?"

मी नखानं रंग खरवडला. चीर अर्ध्या नळीभोवती फिरली होती. सायकल हातात धरून तिच्या घरी नेली आणि तिच्या बापाला सगळं सांगितलं, पुलापासून कालच्या 'न्हाई'पर्यंत.

तो ओरडला नाही. चिरेवरून बोट फिरवत राहिला. "आन् आमी लिंबं बांधत बसलो, दादा," एवढंच म्हणाला. मग हँडलची लिंबू-मिरची सोडून त्यानं माझ्या हातात दिली.

पुढच्या दसऱ्यानंतर ते निघाले तेव्हा किल्ली गल्लीच्या टोकाच्या घरी गेली. पडवीत आता काहीच उभं नसतं. तरी ऊन उतरायला लागलं की मी उठून बाहेर जातो.