तिच्या नावाचा पासपोर्ट

"न्हाई," सुभेदार म्हणाले, आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले.

सांगलीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, परदेशी राहायला जाणाऱ्यांचे कागद करून देणाऱ्या ऑफिसात आम्ही बसलो होतो. सुभेदार म्हणजे माझे यजमान. फौजेतून त्या हुद्द्यावर निवृत्त झाले, मग तासगावजवळ आमच्या गावात द्राक्षबाग केली, आणि आजही बागेला आणि मला एकाच आवाजात हुकूम सोडतात. टेबलापलीकडच्या मुलीनं विचारलं होतं, "काका, तुमचं याआधी लग्न झालं होतं का? आणि काकूंचं कधी दुसरं काही नाव होतं का?" दोन्ही प्रश्नांना मिळून त्यांनी एकच 'न्हाई' सांगितलं. मुलीनं दोन चौकटींत खुणा केल्या आणि पुढचं पान उलटलं.

दोन्ही उत्तरं खोटी होती.

हे सगळं सुरू झालं लेकाच्या फोनवरून. तो पोर्तुगालला असतो. त्याचं म्हणणं, आता तासगाव पुरे झालं, दोघांचे गुडघे बोलायला लागलेत, इकडं या, कायमचे. त्यानं सगळे देश धुंडाळून ठेवले होते. एका देशात घर विकत घेतलं तरच राहू देतात, एकात बँकेत मोठी ठेव ठेवायला लागते. पोर्तुगालात मात्र निवृत्त माणसाची पेन्शन आणि बाग कसायला देऊन येणारा खंड दाखवला की राहायची परवानगी मिळते, आणि नवऱ्याच्या मागोमाग बायकोला. मला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू? नात चार वर्षांची आहे आणि मी तिला अजून मांडीवर घेतलेलं नाही. फोनमधून ती मला पापे देते, आणि मी वेड्यासारखी फोनचाच पापा घेते.

मी दुसरेपणावर दिलेली. वडील म्हणाले, मुलगा फौजेत आहे, पहिली कावीळ होऊन गेली, दीड वर्षाचं लेकरू आहे, घर चांगलं आहे. मी एकोणीसची होते, सातवी शिकलेली. लग्नानंतर तांदळाच्या ताटात नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, तसं त्यांनीही लिहिलं. मला वाचता येत होतं. ते तिचं नाव होतं, पहिलीचं. मी मान वर करून सासऱ्यांकडं बघितलं तर ते म्हणाले, "नाव तर बदलायचंच असतंय की. मग त्येच ऱ्हाऊ द्या. फौजेच्या कागदात हाय, रेशनात हाय. एक नाव काढा, दुसरं घाला, कोण हेलपाटे घालणार?"

लोक माना डोलवत होते. आमच्याकडं बायकोचं नाव लग्नात बदलणं म्हणजे साडी बदलण्याइतकं सोपं, त्यामुळं यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही तेव्हा वाटलं नाही, किंवा वाटलं ते कुणाला सांगायची सोय नव्हती. पहिलीच्या मरणाची नोंद कुठंच केली गेली नाही. तिच्या जागी त्याच नावाची बाई घरात आली, चूल पेटली, लेकरू दूध प्यायलं, आणि सरकारच्या लेखी त्या घरात कुणी मेलंच नाही.

मंगळसूत्राबरोबर माझ्या गळ्यात तिचा टाक घातला. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकलेली बाईची आकृती, दुसरीनं पहिलीसाठी घालायची असते. नवी साडी आली की आधी टाकाला दाखवायची, मग आपण नेसायची. ते मी मनापासून केलं. तिच्यावर मी कधी रागावले नाही. तिच्या लेकाला मी वाढवलं, मला स्वतःला मूल झालं नाही, आणि तो मला आई म्हणतो ते तिच्याच हक्कानं म्हणतो हे मला नेहमी कळत होतं.

पण पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी मला नको वाटायची. नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णीसाठी त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात. स्वयंपाक मी करायची, पुरण मी वाटायची, आणि मग गुरुजी संकल्प सोडताना मेलेलीचं नाव घ्यायचे. ते नाव म्हणजे ज्या नावानं मला सकाळपासून दहा जणांनी हाका मारलेल्या असायच्या. चाळीस वर्षं दरवर्षी एकदा मी माझ्याच नावानं पाणी सोडलेलं ऐकलंय. पहिल्या वर्षी माझ्या हातातली पळी पडली होती. सासूबाई म्हणाल्या, "नवी हाय, भितीया." नंतर मी भीत नव्हते, पण त्या दिवशी मी कधी नीट जेवले नाही.

ऑफिसातून खाली उतरताना जिन्यातच मी सुभेदारांना अडवलं.

"खोटं का बोललासा?"

"आगं, आता कशाला भुतं उठवायची? सगळं कागद जुळत्यात. तुजा पासपोर्ट निगाला न्हाई व्हय बिनबोभाट?"

निघाला होता. पासपोर्ट आधारवरून निघाला, आधार रेशनकार्डावरून, आणि रेशनकार्ड तिच्यावरून. त्यात तिचं जन्मसाल. मी कागदावर पाच वर्षं म्हातारी आहे.

"भूत कोण मग? ती का मी?" मी विचारलं. ते पुढं चालायला लागले.

ऑफिसच्या मुलीला माझा शाळेचा दाखला हवा होता. माझा म्हणजे पहिलीचा. ती सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडची. म्हणून एका सकाळी गाडी करून आम्ही निघालो. साताऱ्यापुढं कोरेगावचा फाटा लागला. तिकडं माझं माहेर. आईवडील गेले, भाऊ गेला, आता मला माझ्या मूळ नावानं हाक मारेल असं माणूस त्या बाजूला एकही उरलेलं नाही. गाडी सरळ गेली. मी काचेतून मागं बघत राहिले आणि सुभेदारांनी चालकाला उगीच गाण्याचा आवाज वाढवायला सांगितला.

तिच्या गावच्या शाळेतले हेडमास्तर तरुण होते. जुनं रजिस्टर काढून त्यांनी पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "मावशी, तुम्हीच का या?"

"व्हय," मी म्हणाले.

आतापर्यंत माझ्या नावानं दुसरे खोटं बोलत होते. हे पहिलं मी स्वतः बोलले. शाळा सोडल्याचं कारण लिहिलं होतं, घरकामासाठी. माझ्याही दाखल्यावर तेच असणार. त्या ओळीकडं बघताना मला पहिल्यांदा ती टाकावरची बाई म्हणून दिसली नाही, पाटी घेऊन घरी परत निघालेली मुलगी म्हणून दिसली, आणि मला तिथंच रडू आलं. हेडमास्तरांना वाटलं, शाळेची आठवण झाली. त्यांनी पाणी दिलं.

मग तिच्या आईकडं गेलो. सवतीचं माहेर ते दुसरीचंही माहेर, ही आमच्याकडची रीत. म्हातारी नव्वदीला टेकली असेल, पण डोकं एकदम लख्ख. दर दिवाळीला ती मला साडीचोळी पाठवायची, लेक म्हणून. सुभेदार ओसरीवर तिच्या मुलाशी उसाच्या तोडीचं बोलत बसले आणि म्हातारीनं मला आत नेऊन ओटी भरली. मी तिला सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. दाखला पिशवीत होता, काम झालं होतं, गप्प बसून चहा पिऊन निघता आलं असतं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझी लेक वटपौर्णिमेआधी चार दीस गेली. त्ये मला ठावं हाय, आन तुझ्या नवऱ्याला तर त्ये बी आठवत नसंल. तुला तिच्या नावानं कुणी हाक मारली की मला बरं वाटायचं. म्हनलं, नाव तरी चालतंया. म्हून मी इतकी वर्सं बोलले न्हाई."

"मग आता?"

"आता तू म्हातारी होऊन तिकडं चाललीस. म्हंजी मरायलाच की गं. तितं तू मेलीस की ते लोक माझ्या लेकीचं नाव लिवतील. तिला दोनदा मारतील. आन तू? तू कुठं मेलीस म्हनायचं?"

ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तो हात तिच्या लेकीसाठी होता की माझ्यासाठी, हे मला कळलं नाही, आणि मला ते कळून घ्यायचं होतं.

परतीच्या वाटेवर कराड आलं. तिथं मी म्हणाले, "मी त्या चौकटीत खोटी खूण ऱ्हाऊ देनार न्हाई. तिच्या मरणाची नोंद करा. मग माझ्या नावानं काय व्हायचं त्ये हुंदे."

सुभेदार भडकले. तहसील कचेरीतून हुकूम घ्यावा लागेल, पेन्शनच्या कागदात बायकोचं नाव ते आहे, चौकशी लागेल, पोर्तुगाल तर गेलंच. त्यातलं काही खोटं नव्हतं. "ह्या वयात तुला नाव पायजे?" असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज बसला होता. सीमेवर राहिलेला माणूस, पण घाबरलेला मला स्पष्ट दिसत होता. मी म्हणाले, "व्हय, पायजे." मग त्यांनी काचेतून बाहेर बघायला सुरुवात केली.

लेकाला मीच फोन केला. त्याला वाटत होतं की योगायोगानं दोन्ही आयांचं नाव एकच. तो ऐकत होता आणि मागं नात कसलं तरी गाणं म्हणत होती. मी सांगून संपवलं तेव्हा तो म्हणाला, "आई, मग तुझं नाव काय?"

एक्केचाळीस वर्षांचा लेक, माझ्या हातानं न्हाऊमाखू घातलेला. मी नाव सांगितलं. त्यानं ते एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं. मला ते त्याच्या तोंडून एखाद्या परक्या बाईचं वाटलं. मग त्यानं विचारलं, "आणि माझी आई कधी गेली? दिवस कुठला?"

"वटपौर्णिमेआधी चार दिवस," मी म्हणाले. मलाही ते आठवडाभरापूर्वीच कळलं होतं. इतक्या नवम्या मी घातल्या, पण त्याला कधी शेजारी बसवून सांगितलं नाही की हे तुझ्या आईसाठी आहे. मला भीती होती की सांगितलं तर तो माझा राहणार नाही. ते माझं चुकलं, आणि मी त्याला तसं सांगितलं. तो रडत होता. तिथं दिवस होता, ऑफिसला जायचं होतं, तरी रडत होता. शेवटी म्हणाला, "कर आई तुला काय करायचं ते. मी थांबतो."

सांगलीच्या ऑफिसला मी खरं कळवलं, तेव्हा त्या मुलीनं आमची फाईल बाजूला ठेवली. सुभेदारांनी दोन दिवस जेवणात मीठ कमी असल्याची तक्रार केली, तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं मोटारसायकल काढली आणि म्हणाले, "चल, तासगावला."

तहसील कचेरीच्या आवारात झाडाखाली टायपिस्ट बसतात. आम्ही सांगत गेलो, त्यांच्यातला एक टाइप करत गेला. मी अमुक, माझे पती तमुक, त्यांची पहिली पत्नी मयत, लग्नानंतर मी तिच्याच नावानं वावरत आले, माझं खरं नाव असं असं. छापलेल्या अक्षरांत माझं नाव मी सातवीनंतर प्रथमच बघितलं. मी त्यावरून बोट फिरवलं. टायपिस्ट हसला आणि म्हणाला, "आजी, खाली सही करा."

मी पेन घेतलं, सही केली, कागद त्याच्याकडं सरकवला.

त्यानं बघितलं. "आजी, ही न्हाई. ही तर त्या मयत बाईच्या नावाची झाली. तुमची करा की."

मनिऑर्डरच्या पावत्या, लेकाचं प्रगतिपुस्तक, बँक, सोसायटी, चाळीस वर्षं हात तेच लिहीत आला होता. चूक झाली म्हणाले. त्यानं पुन्हा छापून दिलं. दुसऱ्या वेळी मी माझं नाव मनात घोळवत पेन टेकवलं, तरी हात झरझर चालला आणि खाली तिचीच सही उमटली. टायपिस्ट आता हसत नव्हता. तिसरा कागद माझ्यापुढं आला. सुभेदार माझ्याशेजारी बाकावर बसले आणि लग्नापासून पहिल्यांदाच त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली, अगदी हळू. म्हणाले, "लिव. सावकाश लिव."

मी मान हलवली, पेन टेकवलं, आणि माझा हात तिचं नाव लिहायला लागला.