बाबांनी न घातलेलं गाऱ्हाणं

गाव सोडलं त्या सकाळी बाबांनी तुळशीपुढे नारळ ठेवून माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं. आमच्या कोकणात कुठल्याही नव्या कामाआधी घरचा कर्ता पुरुष देवाला मोठ्याने मागणं सांगतो आणि जमलेली माणसं दर मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बाबा दुसऱ्यांच्या आंब्यांची राखण करायचे. एरवी बोलायला महाग माणूस, पण गाऱ्हाण्याआधी असा लांब श्वास घ्यायचे की सगळे आपसूक हात जोडायचे.

“बा देवा म्हाराजा, ह्या चेडू शिकाक मुंबयक जाता हा. तेका खुर्ची मिळांदे. माज्यासारखी, लोकांच्या दारात उभ्या ऱ्हवाची पाळी तेच्यार येव नको.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. मी पिशवी उचलली आणि एसटीसाठी पळत सुटले.

देवाने ऐकलं. भांडुपला काकांच्या खोलीत राहून मी बी. कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली, आणि हे मी आजही मान वर करून सांगते. मग अंधेरीला एका विमा कंपनीत लागले. गळ्यात कार्ड, डोक्यावर एसी. बाबा मुंबईला आले तेव्हा ना पगार विचारला ना हुद्दा. “खुर्चेक चाकां आसत?”

काकी म्हणाली, “आसत तर! ब्रेक तेवढो नाय.” बाबा हसले, आणि गावी जाऊन त्यांनी त्या चाकांचं कौतुक वाडीभर केलं.

माझं काम होतं लोकांच्या आजारपणाचे क्लेम तपासणं आणि त्यातले बरेचसे नाकारणं. मला ते झकास जमायचं. जमतंय, याचीच हळूहळू भीती वाटायला लागली. काकीने मला शिवण शिकवलं होतं, हात चांगला होता. एक दिवस राजीनामा दिला, मशीन घेतलं आणि कुर्ते शिवून मुलुंड-घाटकोपरच्या दुकानांत दाखवत फिरायला लागले. म्हणजे नेमकी लोकांच्या दारात उभी.

गावी फोन करून बाबांना म्हटलं, नवीन धंदा आहे, गाऱ्हाणं घाला. ते म्हणाले, “देवान दिल्यान तां तू परत केलंस. आता खंयच्या तोंडान मागू?”

त्यानंतर माझा फोन आला की ते तो आईच्या हातात द्यायचे.

तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना वाटतं, शहरात गेलेल्यांना असल्या गोष्टींचं काय? आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना सांगायची गरज नाही.

कुर्ते बेताचेच खपत होते. तेवढ्यात बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. मी त्यांना भांडुपला माझ्याकडे आणलं. त्यांना सदरा घालताना माझी आणि आईची वाट लागायची. आखडलेला हात बाहीत जाईना, दुखलं की ते डोळे मिटून घ्यायचे. शेवटी मी त्यांचा सदरा बाहीसकट खांद्यापासून कमरेपर्यंत उसवला आणि उघडझाप करता येईल अशी टिचबटणं लावली. हात न हलवता सदरा अंगावर बसला. त्यांच्या ओठाचा डावा कोपरा हलला. ते हसू होतं की नुसताच स्नायू, मला अजून कळलेलं नाही.

बाबांना व्यायामासाठी नेत असू त्या केंद्रात लोक विचारायला लागले, हा सदरा कुठून घेतला? एकीला शिवून दिला, मग दुसरीने मागितला. आज मी फक्त तेच शिवते, अंथरुणाला खिळलेल्यांचे कपडे. धंदा बाबांच्याच अंगावरून सुरू झाला, पण त्याला त्यांचा होकार होता का? आधी ते रागाने बोलत नव्हते, नंतर आजाराने. राग केव्हा संपला, की संपलाच नाही, हे त्यांच्याबरोबरच गेलं. वीज गेली आणि मशिनं बंद पडली, की गाऱ्हाण्याआधीचा तो लांब श्वास मला मागून ऐकू येतो. पुढचे शब्द येत नाहीत.

यंदा भांडुपलाच मोठा गाळा घेतला. नारळ आणला, पण गाऱ्हाणं घालणार कोण? आमच्यात बायका घालत नाहीत. काका थकलेत, तेही नाही म्हणाले. मग आईच पुढे झाली. देवाचं नावसुद्धा न घेता थेट बाबांशी बोलली.

“ऐकलांत? तुमी मागलांत तां देवान दिल्यान. आता ह्या चेडू मागता हा. तेका तुमीच व्हय म्हणा.”

आणि ती थांबली. खरोखर उत्तराची वाट बघत थांबली. मीसुद्धा. शेवटी माझ्याकडे शिवणाऱ्या मुलींतली शबाना, जिला गाऱ्हाणं म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, घाबरून म्हणाली, “आई, मैं बोलू क्या?” सगळ्या हसल्या, आईसुद्धा. काम सुरू झालं.

गावचं घर आता बंद असतं, आई माझ्याकडेच असते. घर म्हणजे जिथे आपल्यासाठी कोणी मागतं ती जागा, असं मी आजवर समजत होते. आता वाटतं, जिथे बाबांचं ते ‘व्हय’ अजून येऊ शकेल, तेच माझं घर. म्हणून गाळ्याचं दार मी दिवसभर सताड उघडं ठेवते. रस्त्यावरची धूळ कापडावर बसते, मुली कुरकुरतात, “मॅडम, दार लोटू का?”

नको गं, म्हणते मी. असू दे.