धम्मशीलाची चकमकीची बंदूक

नॉटिंगहॅमच्या धम्मशीला ओव्हाळ दातांच्या कवळ्या करतात. सहा वर्षांपूर्वी लॅबमधल्या माल्कमने त्यांना ठासणीच्या बंदुकांच्या क्लबात नेलं, आणि त्यांना दारूच्या धुराचा नाद लागला. सासूबाई सिंधुबाई म्हणाल्या, "पंचशील घेतलंयस ना गं तू?"

"आई, कागदावर नेम धरते. कागदाला कुठे जीव असतो?"

टिकलीसारखी तांब्याची टोपी फुटून पेटणाऱ्या बंदुकीच्या गटात दरवर्षी धम्मशीला सातव्या येत. मग एकदा नोटीसबोर्डवर त्यांना दिसलं की गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या बंदुकांच्या गटात चषक तीन आणि स्पर्धक दोनच.

"प्रमोद, मी बंदूक बदलतेय," त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

"नवीन घेणार?"

"नाही रे. आहे तीच जुनी करणार."

पोलिसांच्या लायसन्सिंग ऑफिसला विचारून झालं. ठिणगीची आग आत जायला नळीला भोक पाडायचं काम रीतसर गनस्मिथकडे गेलं. घोडा, रंजकेची चिमूटभर दारू ठेवायची वाटी आणि गारगोटी जिच्यावर आपटते ती पोलादी पट्टी मात्र धम्मशीलांनी स्वतः कानशीने घासून बसवली. गारगोटी घोड्याच्या जबड्यात घट्ट बसायला चामडं हवं होतं. प्रमोदच्या कोल्हापुरी चपलेचा एक कान गेला.

"अगं, दुसरा तरी कापायचास! आता मी तिरका चालतोय."

एवढं करून ठिणगी पडेना. पट्टी मऊ होती. लंच अवरमध्ये धम्मशीलांनी ती दातांच्या भट्टीत लालबुंद तापवली आणि शेंगदाण्याच्या तेलात बुडवली. लॅबभर वास सुटला. माल्कमने आशेने विचारलं, "Bhajis?" मग ठिसूळ राहू नये म्हणून पट्टी घरच्या ओव्हनमध्ये मंद तापवायला ठेवली, तर सिंधुबाईंनी ती उलथन्याने उलटवली. दोन्ही बाजू सारख्या भाजाव्यात म्हणून.

संध्याकाळी दारूबिरू न घालता, रिकामाच घोडा ओढून पाहिला. खट्! ठिणग्यांचा झुबका उडाला. सिंधुबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि किचनमधला स्मोक अलार्म उगाच एकदा बघून घेतला.

स्पर्धेच्या दिवशी रिमझिम होती. प्रत्येकाला दहा बार. शेजारच्या लेनमध्ये साठी उलटलेला माल्कम होता. गटातल्या मूळच्या दोघांपैकी तो एक. धम्मशीलांचा पहिला बार: खट्, आणि काहीच नाही. दुसरा: खट्, फुस्स. रंजक जळली, पण आत आग गेलीच नाही. तिसऱ्या वेळी खट्, फुस्स झालं, धम्मशीलांनी "हात् मेल्या" म्हणायला मान वळवली, नळीही जरा कलली आणि मग धाडकन बार उडाला.

शेवटी कागद आणले. धम्मशीलांच्या कागदावर चार भोकं. माल्कमच्या कागदावर अकरा, आणि बरोबर मधलं त्याचं नव्हतं.

"That's yours, love," तो हळहळत म्हणाला. पंचांनी बराच वेळ नियमांचं पुस्तक चाळलं. माल्कम पहिला, धम्मशीला तिसऱ्या.

घरी सिंधुबाईंनी चषक मांडीवर घेतला. "एकूण होते किती?"

"तीन, आई."

"बरं." त्यांनी लगेच इल्फर्डच्या बहिणीला फोन लावला. "आमची धम्मशीला इंग्लंडात तिसरी आली गं! बंदुकीत!"

प्रमोदने बायकोकडे पाहिलं.  धम्मशीलांनी किटली लावली. बार उडवले की बंदुकीची नळी गरम पाण्याने लगेच धुवावी लागते.