सतरा नंबरचं रक्त

"सतरा नंबर ठणठणीत," आमचे लॅब मॅनेजर देसाईसाहेब रिपोर्ट पुढे सरकवत म्हणाले. "मॅडम, सही करून टाका."

मला ते ठणठणीतपण आवडलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी रोह्याच्या एका लॅबमध्ये क्वालिटीचं काम पाहत होते. पेणच्या एका दवाखान्यात सांधेदुखीच्या नव्या औषधाची पेशंटवर ट्रायल चालू होती. त्यांचं रक्त आमच्याकडे यायचं. नळीवर नाव नाही, फक्त नंबर. मशीन आकडा देतं. तो त्याच माणसाचा आहे ना, हे बघणं म्हणजे क्वालिटी. असं बघणारं माणूस ऑफिसात कुणालाच आवडत नाही.

सतराची किडनी दर वेळी जास्तच बिघडलेली दिसायची. या वेळी ती तरण्या पोरासारखी. औषधाचा रक्तात अंशही नाही.

"गोळ्या सोडल्या असतील, सुधारला," साहेब म्हणाले.

"इतका?"

नियमाप्रमाणे प्रत्येक नमुन्यातला थोडा भाग आम्ही फ्रीजरमध्ये राखतो. सतराचा जुना नमुना काढून दोन्हींचा रक्तगट पाहिला. जुना बी, नवा ए. म्हणजे रक्त दुसऱ्याच माणसाचं.

फोनवर पेणचे डॉक्टर चिडले. "मॅडम, नाव पुकारलं, माणूस उठून आला. मी स्वतः सुई टोचली."

तरी दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन गागोद्याकडच्या त्या वाडीवर आले. अंगणात एक बाई तांदूळ पाखडत होती. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याची चौकशी केली. तिने सूप खाली ठेवलं.

"ते वारले. लघवीच बंद झालेली."

"अहो, पण परवा तर दवाखान्यात आले होते."

"व्हय," ती म्हणाली.

आतून एक माणूस बाहेर आला. डॉक्टर दोन पावलं मागे सरकले. तोच चेहरा. त्याने टोपी काढली, तर डोक्यावर मुंडणानंतरचे खुंट.

"मी धाकटा भाऊ. दहाव्याला कावळा पिंडाला शिवंना. बैलाचं बोललो, पोरीच्या लग्नाचं बोललो. नाय. मंग म्हटलं, दादा, डॉक्टरला शब्द दिलेलास, तुझं राहिलेलं रक्त मी देतो. लगेच शिवला. त्याचं देणं हाय, म्हणून त्याच्याच नावानं दिलं."

माझी सही झाली असती, तर मेलेला माणूस कागदावर बरा झाला असता आणि बाकीचे त्याच गोळ्या गिळत राहिले असते. मला भीती वाटली ती याची. खरं सांगायचं तर कावळ्याचीही वाटली.

डॉक्टरांनी त्याच दिवशी सगळ्यांच्या गोळ्या थांबवल्या. मृत्यूची नोंद झाली. राखलेले नमुने पुन्हा तपासले, तर आणखी काहींच्या किडन्या त्याच वाटेवर होत्या. ट्रायल बंद पडली. ते लोक वाचले.

मग एका दुपारी धाकटा भाऊ रोह्याला, लॅबच्या दारात उभा.

"दादाचं रक्त तुमच्याकडं बरफात हाय ना? द्या. सपनात येतो, कुडकुडत असतो."

"देता येत नाही. तो पुरावा आहे. बरीच वर्षं ठेवावा लागतो."

तो वाद घालेल असं वाटलं होतं. त्याने खांद्यावरची घोंगडी काढून माझ्या हातात दिली आणि एसटी स्टँडकडे चालू लागला.

राखलेला नमुना कुणालाही द्यायचा नाही, हा लॅबचा नियम. फ्रीजरवर काहीही ठेवायचं नाही, हाही नियमच. त्यातला पहिला मी पाळला.